चोविसावा आरा

कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून यायचं नाही, ओल्या हाताने कशाला शिवायचं नाही आणि तिथे बसून लसूण सोलायचा नाही, असे तीन नियम आमच्या ह्यांनी पहिल्याच दिवशी काढले. पहिले दोन सगळ्यांसाठी होते. तिसरा फक्त माझ्यासाठी.

नेवाशात बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छपाईचं दुकान होतं. पुढे एक खोली, मागे एक खोली, मधे कापडाचा पडदा. पुढे गिऱ्हाईक आणि हे, मागे मी. लग्नपत्रिका, कापडी पिशव्या, दुकानांची कार्डं अशी कामं यायची. हे अक्षरं जुळवायचे, चित्रं काढायचे. मी मागे जाळीच्या चौकटीवर शाई ओतून रबराची पट्टी ओढायची आणि एकेक कार्ड दोरीवर वाळत घालायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, मागे कुणीतरी माणूस कामाला ठेवलाय. मी पडद्याबाहेर फारशी येत नसे, म्हणून त्यांचा तो समज तसाच राहिला. एकाने तर ह्यांना सांगितलं होतं, तुमच्या माणसाचा हात चांगला आहे, त्याला सोडू नका.

हे मूळचे पेंटर. ब्रश घेऊन दुकानांच्या पाट्या रंगवायचे. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला नगरला जाऊन तीन महिने कॉम्प्युटर शिकून आले आणि मग ती पेटी घरात आली. तिच्यात चित्रं काढायचं एक सॉफ्टवेअर होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला हे त्याची थोरवी सांगायचे. ह्यात म्हणे चित्र रंगाचं नसतं, मापाचं असतं. इथून तिथवर रेघ, एवढा वाक, आत अमुक रंग, असं सगळं त्याच्या डोक्यात लिहिलेलं असतं. मग ते कार्डावर छापा नाहीतर टेम्पोवर रंगवा, कडा फाटायची नाही. ऐकणारा मान हलवायचा आणि पेटीच्या काचेकडे बघायचा. काचेवर कमळाची पाकळी उंदराने कुरतडल्यासारखी दिसत असायची.

माप डोक्यात होतं, पण दाखवायची वेळ आली की त्याला जमत नसे. गोल काढला की त्याला पायऱ्या पडत. दोन पाकळ्या शेजारी ठेवल्या की मधे केसाएवढी पांढरी फट दिसे. पहिल्यांदा ह्यांना ती फट म्हणजे काचेवरची धूळ वाटली. धोतराचं मऊ फडकं ओलं करून त्यांनी ती पुसली, मग नुसत्या फडक्याने पुसली, मग माझ्याकडे वळून विचारलं, "इथं लसूण सोललास का?"

चित्रातली एखादी वस्तू उचलून बाजूला ठेवली तर जुन्या जागी तिची शेपूट राहायची. ती घालवायला काही दाबलं की सगळं चित्र पुसून पुन्हा पहिल्यापासून उमटायचं. आधी मागची निळी जमीन, मग पांढरा पट्टा, मग फुलं एकेक करून. कार्डात फुलं जास्त असली तर मी चहा टाकून गाळून आणेपर्यंत शेवटचं फूल येत नसे. मला ते बघायला आवडायचं. खालून वर एकेक तुकडा ठेवत गोधडी शिवावी तसं ते चाललेलं असायचं. ह्यांना मात्र ते बघवत नसे. माझ्याशी आवाज चढवून कधी न बोललेला माणूस त्या पेटीला म्हणायचा, "अरे, आत्ता तर हुतास ना. आत्ता कुठं गेलास?"

आता हे सगळं मी लिहिते आहे ते एका चक्रासाठी. त्याच्या आधीची एक गोष्ट सांगायला हवी.

माझं माहेर पुणतांब्याच्या अलीकडचं. लग्न झालं त्या वर्षी आमच्या वस्तीने वेशीजवळ लोखंडी फलक उभा केला. निळ्या जमिनीवर पांढरं अशोकचक्र आणि खाली वस्तीचं नाव. माझ्या वडिलांनी, आबांनी, पुढे होऊन सांगितलं की आमचे पाव्हणे पेंटर आहेत, तेच रंगवतील. ह्यांनी एका दिवसात फलक रंगवला आणि सगळ्यांनी वाहवा केली. पुढे सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेतल्या गुरुजींनी पोरांना फलकासमोर उभं केलं आणि अशोकचक्राला आरे किती ते मोजायला लावलं. चोवीस असतात हे पोरांना पाठ होतं. फलकावर तेवीस भरले. गुरुजींनी पुन्हा मोजायला लावले. तेवीसच.

त्या दिवसापासून आमच्या ह्यांचं गावातलं नाव तेवीस. "तेवीस आले का हो?" असं लोक आबांना विचारायचे. कुणी म्हणायचं, "एक आरा मानपानात राहिला व्हय?" कुणीतरी खडूने चोविसावा आरा काढायचं, तो पावसात धुऊन जायचा, की पुन्हा कुणीतरी काढायचं. आबा हट्टाने दुसऱ्या पेंटरला फलकाला हात लावू देत नसत आणि हे लाजेने तिकडे फिरकत नसत. एसटीने माहेरी गेलो तर हे एक थांबा आधी उतरून शेतातून यायचे. मला म्हणायचे, चालणं चांगलं असतं.

असं आठ-नऊ वर्षं चाललं. मग वस्तीत विहार बांधून झाला आणि उद्घाटनाची निमंत्रणपत्रिका छापायची ठरली. बैठकीत सगळे म्हणाले, श्रीरामपूरला देऊ. आबा उठून उभे राहिले. म्हणाले, आता पाव्हण्यांकडं कॉम्प्युटर हाय, तो चुकत न्हाई. पत्रिकेवर चक्र येईल आणि चोवीस आऱ्यांचं येईल, मी सोता मोजून आनतो. बैठकीत कुणीतरी हसलं, असं मला नंतर आईकडून कळलं. आबांनी कधी सांगितलं नाही.

ह्यांनी ते चक्र फार मनापासून केलं. एक निमुळता आरा काढला, त्याची नक्कल करून मापाने फिरवली, मग पुढची. ब्रशने काढताना हात चुकतो, इथे चुकायची सोयच नव्हती. साधारण बांगडीएवढं चक्र कार्डाच्या मधोमध बसवलं आणि बाजाराच्या दिवशी आबांना बघायला बोलावलं.

आबांनी चपला बाहेर काढल्या, टोपी नीट केली आणि खुर्चीवर बसून काचेवरचे आरे मोजायला घेतले. मी पडद्यामागे उभी होते. चहा गार होत होता, पण मला तो घेऊन पुढे जाववेना.

"पाव्हणं," आबा म्हणाले, "ह्ये तेवीसच हायेत की."

ह्यांनी मोजले. तेवीस.

"मामा, आत चोवीस हायेत. एक दिसत न्हाई फक्त."

"दिसत न्हाई म्हंजी न्हाई."

"न्हाई कसा? थांबा, मोठं करून दावतो."

मोठं केलं की सगळं चक्र काचेत मावत नव्हतं, जेमतेम पाव दिसायचं. आबा त्यातले सहा मोजत. पुढचं दाखवायला हे चित्र सरकवत. सरकवलं की ते पुसून पुन्हा उमटे, आणि तेवढ्यात आबांची सुरुवात हरवे.

"सरकवू नका हो."

"सरकवल्याबिगर दिसंल कसं, मामा?"

"मग मी मोजू कसं?"

असं चार वेळा झालं. एकदा आबांचे सव्वीस भरले. लांबून बघितलं की एक आरा गायब, जवळ गेलं की तो जागेवर. मला पडद्यामागे हसू आलं, कारण माणसं जमली की आत पळणारी मी, आणि हा आरा माझ्याच जातकुळीचा निघाला. आबा मात्र हसले नाहीत. उठताना म्हणाले, "मी बैठकीत शबूद दिलाय. फुडल्या बाजाराला येतो. तवर भरून ठेवा."

तो आठवडा ह्यांनी त्या एका आऱ्याच्या मागे घालवला. चक्र पुसून नवं केलं. तोच आरा गेला. सगळं चक्र थोडं फिरवलं, तर तो दिसायला लागला आणि डाव्या अंगाचा दुसरा गेला. पेटी बंद करून तिला पंख्याखाली गार केलं, जसा काही तिला ताप होता. शेवटी बूथवरून नगरच्या शिकवणाऱ्या सरांना फोन लावला. सर म्हणाले, काचेवर बारीक रेघ कधी दिसते, कधी नाही, तिकडे लक्ष देऊ नका, कागदावर बरोबर येईल.

घरी येऊन हे म्हणाले, "त्या सरांना सासरा नसंल."

मी म्हटलं, "कागदावर काढून बघू की."

"कागदावर बघतोय कोण? मामा काचेवर बघनार."

आणि बाजाराच्या आदल्या दिवशी त्यांनी वेगळंच केलं. मी ते पाहिलं, पण तेव्हा मला उमगलं नाही. काचेवर जिथे रिकामी जागा दिसत होती, तिथे त्यांनी आणखी एक आरा आणून बसवला, जरा इकडेतिकडे हलवून दिसेल असा केला. काचेवर चोवीस झाले. इतक्या दिवसांनी त्या दिवशी त्यांनी पोटभर जेवण केलं.

आबा आले. काडेपेटीतली एक काडी घेऊन तिचं टोक काचेला टेकवत त्यांनी एकेक आरा मोजला. काचेला हात लावू नये हा मागाहून निघालेला चौथा नियम होता, पण त्या दिवशी तो लागू नव्हता. चोवीस भरले. आबांनी पुन्हा उलट्या बाजूने मोजले. चोवीस.

"आता कसं," आबा म्हणाले. त्यांच्या तोंडावर जे हसू आलं ते मी फार वर्षांनी बघितलं. दोन कप चहा प्यायले, ह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि परवा कार्डं न्यायला येतो म्हणून एसटी धरायला गेले.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी चक्राचा छाप ट्रेसिंग कागदावर काढून माझ्या हातात दिला. तो जाळीवर उतरवायचा आणि तीनशे कार्डं ओढायची, हे माझं काम. जाळीवर घालण्याआधी मी प्रत्येक छाप खिडकीशी धरून बघते, कुठे डाग आहे का म्हणून. चक्र सुरेख आलं होतं. गोलाला पायरी नाही, आऱ्याला दात नाहीत. फक्त उजवीकडे वर दोन आरे चिकटून उभे होते.

समोर सुपात मुगाची डाळ निवडायला ठेवलेली होती. माझी शाळा चौथीत सुटली, पण गोल वस्तू मोजताना सुरुवात हरवते हे मला शाळेत कुणी शिकवायला नको होतं. बांगड्यांची नक्षी, परडीचे वेत, सगळं मी दाणे ठेवून मोजते. कागद पाटावर पसरला आणि प्रत्येक आऱ्यावर एक डाळ ठेवली. त्या दोन आऱ्यांवर आल्यावर डाळीला डाळ भिडली, नीट बसेना. मग सगळ्या डाळी गोळा करून मोजल्या. पंचवीस.

सर म्हणाले होते तेच खरं होतं. कागदावर चोवीस आधीच होते. काचेवरची फट भरायला ह्यांनी घातलेला पंचविसावा होता.

मी तिथेच बसून राहिले. पुढच्या खोलीत हे कुणाशी तरी खुशीत बोलत होते. मला तो फलक आठवला. लग्नाला सहा महिने झाले होते. हे शिडीवर उभे होते आणि मी चहाचे पेले घेऊन खाली. रंग ओला होता. आपलं सहज म्हणून मी मनात आरे मोजले, तेवीस भरले. वाटलं, मी चुकले. पुन्हा मोजले, पुन्हा तेवीस. वाटलं, एक काढायचा राहिला असेल, काढतील. भोवती गावची माणसं उभी होती, आबा उभे होते. नव्या नवरीने चार माणसांत नवऱ्याला कसं सांगायचं? रिकामे पेले घेऊन मी घरी गेले. एवढंच झालं होतं. त्यापायी हा माणूस आठ-नऊ वर्षं शेतातून चालत आला.

मी पुन्हा सगळ्या डाळी आऱ्यांवर मांडल्या आणि हाक मारली, "अहो, जरा आत या."

"गिऱ्हाईक हाय."

"असू द्या. या."

मी गिऱ्हाईक असताना हाक मारते म्हणजे घराला आग तरी लागली असेल, असं वाटून ते धावतच आले. पाटावर डाळ बघून थांबले.

"ह्ये काय मांडलंय?"

"मोजा."

ते खाली बसले. दोन डाळी एकमेकींवर चढलेल्या होत्या तिथे त्यांचं बोट आलं आणि थांबलं. मग म्हणाले, "तेवीसचं पंचवीस झालं असतं माझं नाव."

"चोवीस कधीच न्हाई का तुमच्या नशिबात?" मी म्हटलं. ते हसले, आणि माझा जीव जागेवर आला.

तो जास्तीचा आरा काढला. नवा छाप घेतला, डाळीने मोजला, चोवीस. जाळी तयार केली आणि मी कार्डं ओढली. पहिलं कार्ड वाळल्यावर पुन्हा मोजलं. शाई जाड बसली तर आरे मिटतात, म्हणून हात हलका ठेवला.

आबा ठरल्या दिवशी आले. कार्ड हातात घेतलं, चष्मा लावून मोजलं, मान हलवली. मी पडद्याआड सुस्कारा सोडणार तेवढ्यात म्हणाले, "मशिनीत बी एकडाव बघतो."

"कार्ड झालंय की, मामा," हे म्हणाले.

"बघू द्या की. न्हाई कशाला म्हंता?"

पेटी सुरू झाली. निळी जमीन आली, अक्षरं आली, सगळ्यात शेवटी चक्र आलं. आबांनी काडी काढली. एकवीस, बावीस, तेवीस. काडी तिथेच राहिली.

"पाव्हणं. परवा चोवीस हुते."

"परवा दिसत हुते ते खोटे हुते, मामा. आता दिसत न्हाईत ते खरे हायेत."

आता हे बरोबरच बोलले होते, पण ऐकायला कसं वाटतं ते आबांच्या तोंडावर दिसत होतं. आबांनी एकदा काचेकडे, एकदा कार्डाकडे बघितलं. कार्डाचा गठ्ठा हळूच बाजूला सारला. तो न्यायचा नाही असंच त्यांच्या मनात आलं असणार. ह्यांचा चेहरा उतरला. फलकाच्या वेळी बघितला होता तसाच.

मी पडदा सारून पुढे आले. पुढच्या खोलीत कोपऱ्यावरचा पानवालाही आपली कार्डं घ्यायला येऊन बसला होता, ते मला बाहेर आल्यावर दिसलं. पण आता मागे जाणं बरं दिसलं नसतं.

"आबा," मी म्हटलं, "तुम्ही गावात कार्डं वाटणार का ही पेटी डोक्यावर घेऊन फिरणार?"

आबांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही पेटीच बोलली. लहानपणापासून त्यांनी माझा एवढा आवाज ऐकला नव्हता. मी गठ्ठ्यातलं एक कार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं आणि पदरात बांधून आणलेली डाळ एकेक करून आऱ्यांवर मांडली. मग सगळी त्यांच्या ओंजळीत ओतली.

"मोजा."

आबांनी डाळ मोजली. मग न मागता आणखी एक कार्ड काढलं आणि स्वतः डाळ मांडली. दोन्ही वेळा चोवीस. शेवटी पानवाल्याला म्हणाले, "तू बी मोज. तुजा काय संबंद न्हाई, तू खरं सांगशील." पानवाल्याने मोजून चोवीस सांगितले, आणि त्याच्या कार्डांना अजून किती वेळ आहे ते विचारलं.

आबांनी गठ्ठा पिशवीत ठेवला. निघताना काचेकडे बोट करून ह्यांना म्हणाले, "ह्येला इकून टाका आन हिला फुडं बसवा."

पेटी काही विकली नाही. हे तिच्यावर तसेच चिडत राहिले आणि तिच्यावाचून त्यांना करमेनाही. पण त्यानंतर काचेवर काही चुकीचं दिसलं की फडकं न शोधता ते मला हाक मारायचे.

उद्घाटनाच्या दोन दिवस आधी आम्ही माहेरी गेलो. एसटी एक थांबा आधी थांबली तेव्हा हे उठले नाहीत. सोबत रंगाचे डबे होते. फलक घासून पुसून त्यांनी पुन्हा निळा केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिडीवर बसून पांढऱ्याने चक्र काढायला घेतलं. भोवती माणसं जमलीच. कुणीतरी म्हणालं, "तेवीस, औंदा कितीचं?" हे ब्रश न थांबवता म्हणाले, "चोवीस भरलं तर काय म्हनशीला?"

शेवटचा आरा झाल्यावर ते खाली उतरले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "हिकडं ये. पयल्या आऱ्यावर बोट धर, म्हंजी सुरुवात हरवायची न्हाई."

मी पुढे झाले आणि टाचा उंचावून बोट धरलं. त्यांनी मोठ्याने मोजले. माणसंही त्यांच्याबरोबर मोजत होती. चोवीसवर त्यांचा हात माझ्या बोटाशी येऊन थांबला. माणसं बोलायला लागली, आबा कुणाला तरी काही सांगायला लागले, त्या गलबल्यात मी हळूच म्हटलं, "मागच्या बारीला बी मी मोजले हुते."

"मग?"

"तेवीस भरले हुते."

ब्रश पुसता पुसता ते माझ्याकडे बघत राहिले. "ओला हुता तवा?"

"व्हय."

"आन आज सांगतीस."

"चार माणसं हुती."

त्यांनी भोवतालच्या गर्दीकडे बघितलं. आज चाळीस तरी माणसं होती. मग माझ्या बोटाकडे बघितलं. मी अजून ते उचललेलं नव्हतं. उचललं तेव्हा पहिल्या आऱ्याच्या टोकावर ठसा उमटला होता, निळं खालून दिसत होतं. मी कावरीबावरी झाले. म्हटलं, ब्रश फिरवा ना त्याच्यावर, अजून ओलं आहे.

"राहू दे," हे म्हणाले आणि डब्याला झाकण लावलं. "कुठनं मोजायचं ते कळंल."